मोह येतो कसा, परततो कसा

माणूस वाचायला बसला आहे. दोन ओळी होतात न होतात तोच जांभई येते. तो डोळे चोळतो, हात ताणतो. नजर पुस्तकावरून उठून भिंतीवर जाऊन बसते. पुन्हा थोडं वाचतो. मग पानं उलटून शेवट किती लांब आहे ते बघतो, उरलेली पानं मोजतो. अक्षर धड नाही म्हणून कुरकुरतो. शेवटी पुस्तक मिटतो, उशाला घेतो आणि आडवा होतो. पण झोपही नीट लागत नाही, कारण एव्हाना पोटात कावळे ओरडायला लागलेले असतात.

परीक्षेच्या दिवसांत कुठल्याही घरात दिसावं असं हे दृश्य सोळाशे वर्षांपूर्वी इजिप्तच्या वाळवंटात लिहिलं गेलं आहे. हा वाचणारा माणूस घरदार, पैसाअडका, मानमरातब सोडून देवाच्या शोधात निघालेला ख्रिस्ती मठवासी आहे. लिहिणाराही तसाच एक मठवासी, नाव एव्हाग्रियस. मोह कोणत्या वेळी येतो, कोणत्या वेषात येतो, त्याच्या मागोमाग कोण येतं आणि त्याला परत कसं धाडायचं, हे त्याने इतक्या बारकाईने टिपलं आहे की वाचताना कुणीतरी आपल्याच मनात डोकावून गेल्यासारखं वाटतं.

मोहापासून दूर राहा, हा उपदेश ख्रिस्ती माणूस लहानपणापासून ऐकत असतो. पण त्या उपदेशामागे पिढ्यान्‌पिढ्यांचं केवढं निरीक्षण आहे, हे बऱ्याच जणांच्या कानावरही आलेलं नसतं. ते समजलं की रोजच्या लहानसहान झगड्यांकडे आपण वेगळ्याच नजरेने पाहू लागतो.

राजधानीतून वाळवंटात

एव्हाग्रियसचा जन्म इसवी सन ३४५च्या सुमाराचा, काळ्या समुद्राकाठच्या पाँटस प्रांतातला. आज तो भाग तुर्कस्तानात आहे. कैसरियाचा बेसिल आणि नाझियान्झसचा ग्रेगरी या त्या काळच्या दोन थोर धर्माचार्यांच्या हाताखाली तो घडला. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलला धर्मपरिषद भरली तेव्हा तो राजधानीतच होता आणि वादविवादात त्याचा चांगलाच दबदबा होता. तिथेच तो एका बड्या घरातल्या विवाहित स्त्रीच्या प्रेमात गुंतला. त्याला जवळून ओळखणारा पॅलेडियस लिहितो, की एका रात्री त्याने स्वप्नात स्वतःला कैदेत पाहिलं आणि हे शहर सोडून जाईन अशी शपथ घेतली. जाग आल्यावर त्याने ठरवलं, की शपथ स्वप्नातली असली तरी घेतली ती आपणच. सामान बांधून त्याने जहाज गाठलं.

जेरुसलेमला पोहोचल्यावर जुना थाटमाट पुन्हा सुरू झाला आणि मग दीर्घ आजारपणाने त्याला गाठलं. मेलानिया नावाच्या विदुषी संन्यासिनीने त्याच्याकडून मन मोकळं करून घेतलं आणि त्याला मठवासाची वाट दाखवली. ३८३च्या सुमारास तो इजिप्तमध्ये आला. नित्रियाच्या वस्तीत दोनेक वर्षं काढून तो आणखी आत, केलियाच्या वाळवंटात गेला आणि ३९९ साली मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिला.

केलिया म्हणजे एकांतवासाच्या खोल्यांची वस्ती. शेजाऱ्याचा आवाज कानी पडू नये इतकं अंतर राखून या खोल्या बांधल्या जात. आठवडाभर प्रत्येक जण एकटा. शनिवार-रविवारी सगळे चर्चमध्ये उपासनेला एकत्र येत. पुढे ही वस्ती ओस पडली, वाळूखाली गेली. एव्हाग्रियसच्या ग्रंथांचा अभ्यास करणाऱ्या आंत्वान गियोमों या फ्रेंच पंडितानेच १९६४ साली ती जागा पुन्हा शोधून काढली. ज्याचे शब्द आयुष्यभर वाचले, त्याच्या वस्तीच्या भिंतींपर्यंत तो जाऊन पोहोचला! पुढच्या उत्खननांत तिथे दीड हजारांच्या आसपास वास्तूंच्या खुणा सापडल्या.

अशाच एका खोलीत एव्हाग्रियस राहायचा. पाव आणि थोडंसं तेल एवढाच त्याचा आहार, आणि हस्तलिखितांच्या नकला करून पोटापुरतं मिळवायचं, एवढाच व्यवसाय. वाचता वाचता अक्षराला नावं ठेवणाऱ्या त्या कंटाळलेल्या माणसाचं चित्र काढणारा स्वतः सुंदर अक्षरात पोथ्या लिहून जगत होता.

सगळं सोडलं, मोह सोडेना

वाळवंटातल्या या माणसांकडे मोह पडावा असं काही नव्हतंच. बाजार नाही, मेजवानी नाही, तिजोरी नाही, प्रशंसा करायला लोक नाहीत. तरीही मोह आला, आणि शहरातल्यापेक्षा जोरात आला. एव्हाग्रियसने यावरून एक फार मोलाची गोष्ट ओळखली. संसारातल्या माणसाशी मोह वस्तूंच्या आडून लढतो. वस्तूच नसतील तिथे तो विचारांच्या आडून लढतो. म्हणजे मोहाचं मूळ पाहायचं तर विचारांकडे पाहिलं पाहिजे. वाळवंटात बाकीचं सगळं गळून पडल्यामुळे ते विचार उघडे पडले.

येशूही वाळवंटातच मोहाला सामोरा गेला होता. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत ही हकिगत चौथ्या अध्यायात येते. तिच्या आधी यार्देन नदीतला बाप्तिस्मा आहे; स्वर्गातून आलेली वाणी येशूला परमप्रिय पुत्र म्हणते. आणि लगेच पवित्र आत्मा त्याला रानात नेतो. चाळीस दिवसांचा उपास घडतो, भूक लागते आणि मोह पाडणारा जवळ येतो. कृपेचा अनुभव ताजा असतानाच परीक्षा येते, हे शुभवर्तमान इथे सांगून जातं. मोह होतो म्हणजे देवाने आपल्याला सोडलं, असं मानणाऱ्या कितीतरी श्रद्धाळू माणसांना या क्रमात धीर आहे.

एव्हाग्रियसने मनावर चालून येणाऱ्या विचारांची आठ घराणी सांगितली: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, उबग, कीर्तीची हाव आणि गर्व. मराठी वाचकाला इथे षड्रिपू आठवल्याशिवाय राहणार नाहीत. काम, क्रोध, लोभ, मद दोन्हीकडे सापडतात. एव्हाग्रियसच्या यादीत मत्सर नाही. खिन्नता आणि उबग मात्र आहेत. त्याचा शिष्यवत वारसदार जॉन कॅसियन याने ही शिकवण पश्चिमेला मार्सेयला नेली आणि लॅटिनमध्ये मांडली. पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप थोरल्या ग्रेगरीने यादीची फेरमांडणी केली: गर्वाला सगळ्यांचं मूळ म्हणून वेगळं काढलं, उबगाला खिन्नतेत मिसळलं आणि मत्सराला आत घेतलं. जगभर प्रसिद्ध झालेली सात महापापांची यादी अशी एका वाळवंटातल्या खोलीतून निघाली.

शहाणपणाच्या वेषात

एव्हाग्रियस वाचताना मला सर्वांत थक्क करतं ते मोहाच्या वेषांतराचं वर्णन. खादाडपणा येतो तेव्हा डोळ्यांपुढे पक्वान्नांचं ताट येईल, अशी आपली समजूत. एव्हाग्रियस सांगतो की तो येतो प्रकृतीची काळजी बनून. इतका उपास केलास तर पोटाचं काय होईल? यकृत बिघडेल, प्लीहा वाढेल, अंगात पाणी साचेल, लांबलचक आजारपण येईल, आणि इथे तर वैद्यही नाही. अमका बघ, असाच आजारी पडला होता. प्रत्येक वाक्य समंजस आहे. कोणीही मायेचा माणूस म्हणेल असंच आहे. आणि प्रत्येक वाक्य त्या मठवाशाला घेतलेल्या व्रतापासून एकेक पाऊल मागे नेतं.

धनलोभही असाच. तो सोन्याची रास दाखवत नाही. तो म्हणतो, म्हातारपण लांब असतं. हात चालेनासे होतील. दुष्काळ येईल, दुखणी येतील. मग दुसऱ्यापुढे हात पसरण्याची लाज सोसावी लागेल. कीर्तीची हाव तर साधनेचंच बोट धरून येते. मठवासी एकटाच बसलेला असतो आणि मनात चित्र रंगू लागतं: आपल्या प्रार्थनेने रोगी बरे होताहेत, लोक वस्त्राला हात लावायला धडपडताहेत, नको नको म्हणत असताना आपल्याला धर्मगुरूपदावर बसवायला दारात गर्दी झाली आहे. चित्र पुरतं रंगलं की कीर्तीची हाव बाजूला होते आणि त्या हवेत तरंगणाऱ्या माणसाला गर्वाच्या, नाही तर खिन्नतेच्या हवाली करते.

आपल्या दिवसात हे किती वेळा घडतं ते पाहावं. बिल कमी दाखवताना मनात चोरीचा विचार नसतो. सगळेच करतात, मुलांची फी भरायची आहे, हा विचार असतो. शेजारणीची निंदा तिच्या काळजीपोटी सुरू होते. ऑफिसात कुणाचं श्रेय आपल्या नावावर घेताना आपण स्वतःला म्हणतो की टीमसाठीच तर चाललं आहे. मोह फार क्वचित वाईट दिसतो. बहुतेक वेळा तो वाजवी दिसतो, आणि म्हणून ओळखायला अवघड जातो.

भर दुपारचा शत्रू

आठांमध्ये सर्वांत जड विचार कोणता, याचं एव्हाग्रियसचं उत्तर अनपेक्षित आहे: उबग. त्याची वेळसुद्धा ठरलेली. सकाळी दहाच्या सुमारास तो हल्ला करतो आणि दुपारी दोनपर्यंत वेढा घालून बसतो. सूर्य हलतच नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा होतो. मठवासी सारखा खिडकीकडे बघतो, खोलीबाहेर येतो, जेवणाची वेळ व्हायला किती अवकाश आहे ते उन्हावरून जोखतो, कुणी इकडे येतंय का ते पाहतो. मग ही जागा नकोशी होते, हे काम नकोसं होतं. इथे कुणाला कुणाची माया नाही, असं वाटू लागतं. नुकतंच कुणी काही बोललं असेल तर नेमकं तेच आठवतं. दुसरी एखादी जागा याहून किती सोयीची, असा विचार सुरू होतो. देव काय, कुठेही भजता येतो! घरची माणसं आठवतात, पुढचं लांबलचक आयुष्य डोळ्यांपुढे पसरतं.

सैतान येशूपुढे ज्या ९१व्या स्तोत्रातलं वचन म्हणून दाखवतो, त्याच स्तोत्रात भर दुपारी कोसळणाऱ्या अनर्थाचा उल्लेख आहे. त्यावरून मठवासी या उबगाला दुपारचा सैतान म्हणत.

ज्यांच्या हाती दिवसभर मोबाइल असतो त्यांना ही खिडकी ओळखीची वाटेल. काम चालू असताना दर काही मिनिटांनी स्क्रीन उजळवून बघायचं, कुणाचा मेसेज आला का ते पाहायचं, काहीच नसेल तर दुसऱ्यांच्या सुखी दिसणाऱ्या आयुष्यांवरून बोट फिरवत राहायचं. एव्हाग्रियसचा उपाय साधा आणि कठोर आहे: खोली सोडू नकोस. हातातलं काम मापात ठरवून घे आणि ते पुरं झाल्याशिवाय उठू नकोस. शिवाय तो एक कोवळा उपायही सांगतो. डोळ्यांत पाणी येईल एवढा उबग दाटला, की आपल्या जिवाचे दोन भाग कर; एका भागाने दुसऱ्याची समजूत घाल, त्याला देवावरच्या आशेचे शब्द ऐकव. असं स्वतःशी मायेने बोलायला शिकवणारं वाळवंट आपल्या कल्पनेतल्या रुक्ष तपस्व्यांच्या वाळवंटाहून फार वेगळं आहे.

येणं वेगळं, राहणं वेगळं

या सगळ्या अभ्यासाचा गाभा एव्हाग्रियसने एका छोट्या निरीक्षणात मांडला आहे. हे विचार आपल्याला त्रास देणार की नाही, हे आपल्या हातात नाही. ते रेंगाळणार की नाही, वासना पेटवणार की नाही, हे मात्र आपल्या हातात आहे.

अब्बा पोएमेन या वाळवंटातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्याची गोष्ट हेच सांगते. एक भाऊ त्याच्याकडे आला आणि म्हणाला, माझ्या मनात फार विचार येतात, मी धोक्यात आहे. पोएमेनने त्याला उघड्यावर नेलं आणि सांगितलं, छाती उघडी कर आणि वारा आत येऊ देऊ नकोस. ते शक्य नाही, असं तो म्हणताच पोएमेन उत्तरला, मग विचारांना येण्यापासूनही तू अडवू शकत नाहीस. त्यांना विरोध करणं एवढंच तुझं काम.

उत्तर आफ्रिकेत संत ऑगस्टीनने याच प्रवासाचे तीन टप्पे पाडले: सूचना, रुची आणि संमती. सूचना मनात उमटते. तिच्यात गोडी वाटते. आणि मग मन हो म्हणतं. पाप पूर्ण होतं ते संमतीला. सातव्या शतकात सिनाय पर्वतावरच्या मठाचा प्रमुख जॉन क्लायमॅकस याने आणखी बारीक पायऱ्या सांगितल्या. आधी विचाराची नुसती चाहूल लागते, आणि तिच्यात काहीही दोष नाही, असं तो स्पष्ट म्हणतो. मग त्या विचाराशी बोलणं सुरू होतं, मग होकार, मग बंदिवास, आणि शेवटी तो स्वभावच होऊन बसतो.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो न कळल्यामुळे माणसं दोन बाजूंनी घसरतात. काही जण नुसता विचार आला म्हणून स्वतःला पापी ठरवून खचतात. काही जण म्हणतात, विचार आला म्हणजे अर्धं पाप झालंच, आता मागे कशाला फिरायचं? दोघांनाही वाळवंटातले वडील सांगतात, की अजून काहीच हरलेलं नाही. पहिल्या चाहुलीपासून होकारापर्यंत जी जागा आहे, तिथे तुम्ही मोकळे आहात.

थोडक्यात उत्तर

त्या मोकळ्या जागेत करायचं काय? बायबलमध्ये दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात सर्प हव्वेला प्रश्न विचारतो आणि ती संभाषणात उतरते. देवाने ते फळ खाऊ नका एवढंच सांगितलं होतं. ती त्यात स्पर्शही करू नका अशी स्वतःची भर घालते. बोलणं वाढतं, फळाकडे नजर जाते, ते खायला चांगलं आणि डोळ्यांना मोहक दिसतं, आणि हात पुढे होतो.

वाळवंटात येशू बोलणं वाढवत नाही. भाकरीचा, मंदिराच्या शिखराचा आणि राज्यवैभवाचा, तिन्ही मोहांना त्याची उत्तरं दोन-दोन ओळींची आहेत. तिन्ही एकाच पुस्तकातून घेतलेली, मोशेच्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली. इस्राएल लोकांनी वाळवंटात चाळीस वर्षं काढली, तेव्हा भुकेच्या वेळी, पाण्याच्या वेळी आणि मूर्तीपुढे ते जिथे जिथे ढळले, त्या आठवणींच्या पानांतूनच येशू आपली उत्तरं काढतो. आणि सैतानही शास्त्रवचन म्हणून दाखवतो, तेव्हा येशू त्याच्याशी अर्थाचा वाद घालत बसत नाही. दुसरं वचन सांगून विषय संपवतो.

एव्हाग्रियसने हे पाहिलं आणि एक अजब पुस्तक तयार केलं. आठ विचारांचे आठ भाग. प्रत्येक नोंदीत मनात येणारा एक नेमका विचार आणि त्याला तोंडावर द्यायचं बायबलमधलं एक वचन. अशा जवळजवळ पाचशे नोंदी त्याने लिहिल्या. मोह अंगावर आल्यावर शब्द शोधायला वेळ नसतो, म्हणून उत्तर आधीच तोंडपाठ हवं, हा त्यामागचा विचार. या पुस्तकाची मूळ ग्रीक प्रत आज उपलब्ध नाही. ते टिकलं सिरियाक आणि आर्मेनियन भाषांतरांत. एव्हाग्रियसच्या काही तात्त्विक मतांचा सहाव्या शतकात धिक्कार झाला, त्यामुळे त्याचे इतर काही ग्रंथ दुसऱ्या संताच्या नावावर प्रवास करत राहिले. नाव पुसलं गेलं तरी उपयोग पटलेल्या माणसांनी ते शब्द जपले.

आधुनिक मानसशास्त्रात पीटर गोल्विट्झर यांनी १९९० च्या दशकात मांडलेली एक संकल्पना बरीच गाजली. नुसता निश्चय करण्याऐवजी, अमुक प्रसंग आला तर मी तमुक करीन, असं आधीच ठरवून ठेवलं तर तो निश्चय तडीस जाण्याची शक्यता वाढते. एव्हाग्रियसच्या पाचशे नोंदी नेमक्या याच रीतीच्या आहेत. त्याच्या उत्तरात मात्र आणखी एक गोष्ट आहे: ते शब्द त्याच्यासाठी देवाचे होते, आणि ते उच्चारताना आपण एकटे नाही याची त्याला खात्री होती.

झग्यात लपवलेला पाव

एकांताचा एवढा महिमा गाणाऱ्या वाळवंटाने एक गोष्ट एकट्याने करायला मात्र सक्त मनाई केली: मनातला विचार लपवून ठेवणं. कॅसियनने सेरापियन नावाच्या मठवाशाची हकिगत लिहून ठेवली आहे. तो लहान असताना अब्बा थिओनाकडे शिकायला होता. दुपारी तीनला दोघे जेवत. जेवण झालं की सेरापियन रोज एक कडक भाजलेला छोटा पाव हळूच झग्यात लपवायचा आणि संध्याकाळी गुरूच्या नकळत खायचा. खाऊन झालं की इतका पस्तावायचा की खाल्ल्याच्या सुखापेक्षा त्याचं दुःखच मोठं व्हायचं. तरी दुसऱ्या दिवशी हात आपोआप पावाकडे जायचाच.

एके दिवशी काही मठवासी थिओनाकडे आले. जेवणानंतर बोलणं निघालं ते खादाडपणाचं आणि लपवलेल्या विचारांच्या ताकदीचं. पोराला वाटलं, देवाने आपलंच गुपित यांना कळवलं. तो हुंदके देऊन रडू लागला, झग्यातून त्या दिवशीचा पाव काढून सगळ्यांसमोर ठेवला आणि रोजची चोरी कबूल केली. थिओना रागावला नाही. तो म्हणाला, बाळा, मी काही बोलायच्या आधीच तुझ्या कबुलीने तुला सोडवलं आहे. आणि पुढे सेरापियन सांगतो, त्या मोहाने पुन्हा कधी तोंड दाखवलं नाही.

केवढीशी गोष्ट, एका पावाची! पण दारूची लपवलेली बाटली, फोनमधली पुसून टाकलेली हिस्टरी, घरी न सांगितलेलं कर्ज, यांची घडण तीच आहे. अंधार हे मोहाचं अर्धं बळ असतं. कॅथलिक पंथातलं पापनिवेदन, विश्वासू मित्रापाशी किंवा पाळकापाशी मन मोकळं करणं, याची मुळं या अनुभवात आहेत. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या चळवळीचे संस्थापकही एका ख्रिस्ती जागृती-गटातून आले होते. तिथेही पहिलं काम हेच असतं, चार जणांत उभं राहून खरं बोलणं.

ठिपके आणि रेघा

एव्हाग्रियस सांगे, की आपल्या विचारांवर पाळत ठेवा. कोणता कधी येतो, कधी ओसरतो, कुणाच्या मागून कोण येतं, हे टिपा. वैद्य रोग पाहून औषध देतो, तसे त्याचे उपायही वेगवेगळे आहेत: भटकणाऱ्या मनाला वाचन, जागरण आणि प्रार्थना, पेटलेल्या वासनेला उपास, श्रम आणि एकांत, खवळलेल्या रागाला स्तोत्रगायन, धीर आणि दया. मनात अढी बसली असेल तर त्या माणसाला काही भेट द्या, आणि द्यायला काही नसेल तर जेवायला बोलवा, असंही तो सुचवतो. आणि हे सगळं योग्य वेळी, योग्य मापात. अति झालं तर फायद्याहून तोटा जास्त.

साडेअकराशे वर्षांनंतर संत इग्नेशियस लोयोला याने या पाळतीला वहीचं रूप दिलं. १५४८ साली पोपची मान्यता मिळालेल्या त्याच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात एक आकृती आहे: आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी रेघा. एक दोष निवडायचा. सकाळी उठताच त्यापासून सावध राहायचं ठरवायचं. दुपारी जेवणानंतर सकाळभरात किती वेळा घसरलो ते आठवून पहिल्या रेघेवर तितके ठिपके द्यायचे, रात्री दुसऱ्या रेघेवर. मग दुपार आणि रात्र, काल आणि आज, हा आठवडा आणि मागचा, असं ताडून पाहायचं. दिवसात घसरलं की त्याच क्षणी छातीवर हात ठेवून पश्चात्ताप करायचा. चारचौघांतही, कुणाच्या लक्षात येणार नाही असा.

ही साधना आपल्याकडे फार लवकर पोहोचली. १५४२ साली गोव्यात आलेला फ्रान्सिस झेवियर हा इग्नेशियसच्या पहिल्या सोबत्यांपैकी एक होता. १६१६ साली छापलं गेलेलं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे फादर थॉमस स्टीफन्स हेही इग्नेशियसच्याच येशूसंघाचे. म्हणजे मराठीत ओव्या रचणारा तो हातसुद्धा या आत्मपरीक्षणाच्या शिस्तीत तयार झालेला होता.

इग्नेशियसचा आणखी एक नियम रोजच्या आयुष्यात फार उपयोगी आहे: मन उदास, कोरडं, अंधारलेलं असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नये. नोकरी सोडायची, नातं तोडायचं, उपास मोडायचा हे उबगाच्या दुपारी ठरवू नये. खोली सोडू नकोस, हे एव्हाग्रियसचं सांगणं इथे पुन्हा ऐकू येतं.

बळ कुणाचं?

मानसशास्त्रज्ञ विल्हेल्म हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली जर्मनीतला एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०५ प्रौढांना छोटी यंत्रं दिली होती. दिवसातून अनेकदा यंत्र वाजलं की त्या वेळी मनात कोणती इच्छा आहे ते नोंदवायचं. अशा ७,८२७ इच्छांची नोंद झाली. त्यात दिसलं, की ज्यांचा स्वतःवर चांगला ताबा असतो ते दिवसभर मोहाशी झुंजत नसतात. उलट त्यांच्या वाट्याला अशी झुंज कमी येते. आयुष्याची मांडणीच अशी असते की मोहाच्या वाटेला फारसं जावं लागत नाही.

हे वाचलं की प्रभूच्या प्रार्थनेतली एक मागणी आठवते. येशूने शिष्यांना मोहाशी लढून जिंकायची शक्ती मागायला शिकवलं नाही; त्या कसोटीत आम्हांला नेऊ नकोस, असं मागायला शिकवलं. आपण दुबळे आहोत हे मान्य करून केलेली ही मागणी आहे. दारूचं व्यसन सुटलेल्या माणसाने गुत्त्याची गल्ली टाळून घरी जाणं हे भित्रेपण नव्हे, ती त्या प्रार्थनेची कृती आहे.

ख्रिस्ती विचार इच्छाशक्तीच्या शास्त्रापासून वेगळा होतो तो इथे. इच्छाशक्ती थकते, हे वाळवंटातल्या माणसांनी सर्वांत जवळून पाहिलं होतं. म्हणून अम्मा सारा या संन्यासिनीने वासनेशी तेरा वर्षं झुंज दिली, पण झुंज संपू दे अशी प्रार्थना तिने कधी केली नाही. देवा, मला बळ दे, एवढंच ती मागत राहिली. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात याचा आधार सापडतो: येशू सगळ्या बाबतींत आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला, म्हणून त्याला आपल्या दुबळेपणाची कणव येते. ज्याच्याकडे मदत मागायची त्याने भूक सोसलेली आहे, एकटेपण सोसलेलं आहे.

आणि पडलो तर? पेत्राने एका रात्रीत तीनदा येशूला नाकारलं, आणि पुढे त्याच्याच हाती कळप सोपवला गेला. वाळवंटातली परंपरा कुठेही न पडणाऱ्या माणसांची नाही. पडल्यावर त्याच दिवशी उठणाऱ्यांची आहे.

दरवर्षी राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून, चाळीस दिवसांचा उपवासकाळ येतो. वसईत, मुंबईत, गोव्यात, अहिल्यानगरच्या खेड्यांत कितीतरी घरं तो पाळतात. कुणी मांसाहार सोडतं, कुणी दारू, कुणी सिगारेट. पण चाळीस दिवसांची वाट कशाला पाहायची? आज रात्री प्रार्थनेला बसाल तेव्हा पाचच मिनिटं दिवसाकडे वळून पाहा. कोणता मोह आला, किती वाजता आला, कुठलं शहाणपण पांघरून आला, हे स्वतःशी स्पष्ट म्हणा. उद्या तो आला की कोणतं एक वचन म्हणायचं ते आजच ठरवा. आणि कुणापासून काही लपवलं असेल, तर विश्वासातल्या एका माणसाला ते या आठवड्यात सांगून टाका.